सही करण्याआधी वर्षं मोजा

सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर आला आहे. मॉलच्या दारात, पेट्रोल पंपावर, ग्राहकपेठेच्या प्रदर्शनात सध्या कुपनं भरून घेतली जात आहेत: नाव, मोबाइल नंबर, लग्न झालंय का, गाडी कोणती. चार दिवसांनी फोन येतो. अभिनंदन, तुम्हाला तीन दिवस दोन रात्रींचं गिफ्ट व्हाउचर लागलं आहे, रविवारी हॉटेलात येऊन घेऊन जा, मात्र नवरा-बायको दोघांनी यायचं. त्या रविवारी तुम्ही जाल, चहा-बिस्किटं घ्याल, हॉलिडे मेंबरशिपचं, म्हणजे टाइमशेअरचं, प्रेझेंटेशन बघाल. त्याला आमची हरकत नाही. विनंती एकच आहे, आणि ती अगदी कळकळीची आहे: त्या खोलीत सही करू नका, कार्डही स्वाइप करू नका. कराराची प्रत घरी आणा आणि इतर काही वाचण्याआधी हा करार किती वर्षांचा आहे ते शोधा.

दोघांनी यायचं, ही अट कशासाठी असते ते आधी समजून घ्या. एकटा माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतो. दोघं समोर बसली की ती वाट राहत नाही. मग दोन-अडीच तास बोलणं चालतं ते मनालीच्या बर्फाचं, मुन्नारच्या चहामळ्यांचं, गोव्यातल्या स्विमिंग पूलचं. कोऱ्या कागदावर मोठा आकडा लिहून तो खोडला जातो, खाली लहान आकडा येतो, मॅनेजर येऊन आणखी थोडा कमी करतो, आणि हा भाव फक्त आजच्या दिवसापुरता असतो. या सगळ्या बोलण्यात मुदतीचा उल्लेख एकदाच होतो, तोही बक्षीस दिल्यासारखा: ‘सर, एकदा पैसे भरले की पंचवीस वर्षं निश्चिंत.’

तुम्ही 25 वर्षं निश्चिंत होत नाही, 25 वर्षं बांधले जाता. अशा बहुतेक करारांत सुरुवातीच्या रकमेशिवाय दरवर्षी मेंटेनन्स किंवा वार्षिक वर्गणी भरावी लागते. त्या वर्षी तुम्ही रिसॉर्टचं तोंडही पाहिलं नाही तरी ती चुकत नाही, आणि थकली तर बुकिंग मिळत नाही. ही वर्गणी वाढवण्याचा अधिकार कंपनीने करारात स्वतःकडे ठेवलेला असतो. म्हणून मुदत जितकी लांब तितका फायदा, हे गणित उलटं आहे. मुदत जितकी लांब, तितकी वर्षं तुम्ही दुसऱ्याने ठरवलेल्या रकमेचे देणेकरी.

आकडे मांडून पाहू. समजा मेंबरशिप 4 लाखांची आहे, वर्षाला 7 रात्री मिळतात आणि पहिल्या वर्षाची वर्गणी जीएसटी धरून 20 हजार आहे. ही वर्गणी दरवर्षी 7 टक्क्यांनी वाढली, तर दहाव्या वर्षी ती 36 हजारांच्या पुढे जाते आणि पंचविसाव्या वर्षी 1 लाखाच्या. दहा वर्षांत भरलेली वर्गणी होते पावणेतीन लाखांच्या आसपास. पंचवीस वर्षांत ती साडेबारा लाख ओलांडते. म्हणजे मूळ किमतीच्या तिपटीहून जास्त रक्कम अशी, जिच्याबद्दल त्या रविवारी कोणी एक वाक्यही धड बोललं नव्हतं. हॉटेलांचे दरही वाढतील, हा विक्रेत्याचा मुद्दा खोटा नाही. पण मग तुलना आजच्या दराने करा. हेच 4 लाख बँकेत 7 टक्क्यांनी ठेवले तर कर सोडून वर्षाला 28 हजार व्याज येतं. त्यात वर्गणीचे वाचलेले 20 हजार घाला. 48 हजार रुपये, सात रात्री. रात्रीला 6,850 रुपये. या पैशात तुम्हाला हवं ते गाव, हवी ती तारीख, हवं ते हॉटेल निवडता येतं, आणि एखाद्या वर्षी नाही गेलात तर पैसे तुमच्याच खात्यात राहतात. मुद्दलही तुमचंच. मेंबरशिप हप्त्यांवर घेतली असेल तर त्याचं व्याज या हिशेबात अजून धरलेलंच नाही.

आता याच वर्षांना आपलं वय लावून बघा. वय 42 असेल तर करार संपेल तेव्हा तुम्ही 67 वर्षांचे असाल. मुलं आज आठ आणि अकरा वर्षांची आहेत. त्यांच्याबरोबर मे महिन्यात, दिवाळीत, नाताळात बाहेर पडण्याचा काळ फार तर आठ-दहा वर्षांचा. त्यातूनही दहावी-बारावीच्या सुट्ट्या क्लासमध्ये जातात. पुढे मुलं शिकायला पुण्या-बंगळुरूला किंवा आणखी लांब जातात, आई-वडील थकतात, घर आठवडाभर बंद ठेवणं जमत नाही. गुडघे कुरकुरायला लागले की उटी-कोडाईकनालच्या चढांपेक्षा गणपतीपुळ्याचे दोन शांत दिवस बरे वाटतात. शाळेच्या सुट्टीतले दिवस मिळावेत म्हणून तुम्ही महागड्या सिझनची मेंबरशिप घेतलेली असते. मुलं शाळेतून बाहेर पडल्यावर त्या सिझनचं काय करायचं? ज्या गरजेसाठी करार केला ती दहा वर्षांत संपते, वर्गणीची मागणी मात्र पुढची पंधरा वर्षं येत राहते. साठीपुढच्या ज्येष्ठांनाही हाच 25 वर्षांचा करार ‘मुलांच्या नावावर करता येईल’ असं सांगून विकला जातो. मुलांना तो हवा आहे का, हे कोणी विचारत नाही. वर्गणीचं ओझं मात्र त्यांच्याकडे जातं.

आपण मराठी माणसं घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा करतो आणि त्यातली ओळन् ओळ वाचतो. आणि पाव शतकाचा करार मात्र एका दुपारी, गाण्यांच्या आवाजात, पेन हातात दिलं म्हणून करून मोकळे होतो.

आपल्याकडे हा धंदा ऐंशीच्या दशकात सुरू झाला. सुरुवातीच्या काळात 99 वर्षांचे करारही विकले गेले, पुढे 25 वर्षांचे रुळले, आणि आता दहा किंवा तीन वर्षांच्या योजनाही मिळतात. म्हणजे ‘हीच मुदत असते, दुसरी नाही’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. कमी मुदतीची योजना मागा, तिचा रात्रीमागचा खर्च काढा आणि 25 वर्षांच्या योजनेच्या शेजारी ठेवा.

मुदत लांब असली की करारातली बाकीची प्रत्येक अट भारी होत जाते. बहुतेक मेंबरशिपमध्ये तुम्हाला रिसॉर्टच्या जागेत कसलाही मालकी हक्क मिळत नाही, फक्त राहण्याचा हक्क मिळतो. काही रिसॉर्ट कंपनीच्या मालकीची असतात, काही भाडेपट्ट्यावर घेतलेली. तुम्हाला आवडलेल्या रिसॉर्टचा भाडेपट्टा सहा वर्षांत संपत असेल, तर उरलेली एकोणीस वर्षं तुमच्या हातात काय आहे? हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर लेखी घ्या. लेखी यासाठी, की या करारांत हमखास एक कलम असतं: कागदावर आहे तेवढंच खरं, विक्रेत्याने तोंडी दिलेलं कोणतंही आश्वासन कंपनीवर बंधनकारक नाही. ‘केव्हाही विकता येईल’, ‘आम्हीच परत घेऊ’, ‘भाड्याने देऊन वर्गणी सुटेल’ ही वाक्यं त्या कलमात बुडतात. मधेच बाहेर पडायचं झालं तर किती रक्कम कापली जाते, कोणत्या वर्षानंतर काहीच परत मिळत नाही, हे शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात असतं. तिथूनच वाचायला सुरुवात करा.

परदेशांत या मुदतीचा बंदोबस्त कायद्याने केला आहे. स्पेनने 1998 च्या कायद्यात टाइमशेअर कराराला 50 वर्षांची कमाल मर्यादा घातली, आणि 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत करार रद्दबातल ठरवला. युरोपीय संघाच्या 2008 च्या निर्देशानुसार ग्राहकाला सही केल्यापासून 14 दिवसांत, कारण न सांगता, करार मोडता येतो आणि त्या दिवसांत त्याच्याकडून आगाऊ रक्कम घेण्यालाही मनाई आहे. फ्लोरिडात ही मुभा 10 दिवसांची आहे. ऑर्लँडोला मुलांना घेऊन जाणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी ती लक्षात ठेवावी. आपल्या देशात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. विमा पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते, पण चार लाखांच्या हॉलिडे मेंबरशिपला तसं कायद्याचं कवच नाही. काही कंपन्या स्वतःच्या नियमांत थोड्या दिवसांची मुभा देतात. ती तुमच्या करारात आहे का, किती दिवसांची आहे आणि सहीपासून मोजायची की पैसे भरल्यापासून, हे त्याच दिवशी बघायला हवं.

मुदत कमी आहे म्हणून निर्धास्तही होऊ नका. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने काही वर्षांच्या मुदतीच्या रूम-नाइट योजना विकल्या. राहायला गेला नाहीत तर मुदतीनंतर रक्कम वाढीव परत, असं त्यांचं स्वरूप होतं. ही पर्यटन सेवा नसून बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना आहे, असं सेबीने 2016 च्या आदेशात ठरवलं. तोवर 50 लाखांहून जास्त लोकांचे 7 हजार कोटींवर रुपये त्यात गेले होते आणि त्यात महाराष्ट्रातली साधी घरं फार मोठ्या संख्येने होती. सुट्टीच्या नावाखाली कोणी पैसे वाढवून परत देण्याची भाषा केली, तर तिथून उठा.

ही मेंबरशिप कोणालाच परवडत नाही, असं आम्ही म्हणत नाही. दरवर्षी न चुकता आठवडाभर फिरणारं, चार-सहा महिने आधी तारखा ठरवू शकणारं, बिनकर्जाने पैसे भरणारं कुटुंब असेल, तर त्याला ती लाभते. अशा घरांनीही मुदत आपल्या आयुष्याकडे बघून निवडावी, कंपनीच्या छापील फॉर्मकडे बघून नव्हे.

आणि ज्यांची सही होऊन गेली आहे त्यांनी आजच कागद बाहेर काढावेत. करार मोडण्याची मुभा अजून शिल्लक असेल तर फोनवर बोलत बसू नका. फोनवर ‘साहेब रजेवर आहेत’ ऐकता ऐकता दिवस निघून जातात. करार रद्द करत असल्याचं स्पष्ट पत्र आजच्या तारखेने ईमेलवर आणि स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. हप्ता मात्र परस्पर बंद करू नका. कर्ज बऱ्याचदा वेगळ्या वित्तसंस्थेचं असतं आणि थकबाकी तुमच्या सिबिलवर चढते. आधी कंपनी आणि वित्तसंस्था दोघांनाही लेखी कळवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मग करारात वाद फक्त चेन्नईच्या किंवा दिल्लीच्या कोर्टात चालेल असं लिहिलेलं असलं तरीही. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. करारातली अन्यायकारक अट रद्द ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. पण तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. ती तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि वकिलाकडे किंवा जवळच्या ग्राहक संघटनेकडे जाताना कराराबरोबर त्या रविवारी आकडे खोडून-लिहून दिलेला कागदही न्या.