बादलीभर पाणी आणि पूर्वेची खिडकी

ऑर्किड लाकडावर बांधून घरात वाढवायचे तर हरितगृह हवे, निदान काचेची बंद पेटी तरी हवी, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सोडून द्या, एवढेच मला आधी सांगायचे आहे. साध्या फ्लॅटमध्ये, खिडकीच्या ग्रिलला टांगलेल्या लाकडाच्या तुकड्यावर ऑर्किड वर्षानुवर्षे जगते आणि फुलते. त्यासाठी आपल्या घरातल्या हवेला मानवेल असे झाड निवडावे लागते आणि त्याला रोज हाताने पाणी द्यावे लागते. तुमची नोकरी फिरतीची असेल, घर आठवड्यातले तीन-चार दिवस बंद राहत असेल, तर मात्र ऑर्किड कुंडीतच असू द्या. कुंडीतले झाड एवढा खंड सोसते. लाकडावरचे पावसाळ्यात सोसेल, एप्रिलमध्ये नाही.

जगात ऑर्किडच्या सुमारे २८,००० जाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य झाडांच्या फांद्यांवर वाढतात. बांडगुळासारखी ती यजमान झाडाचा रस शोषत नाहीत, नुसती सालीला धरून राहतात. म्हणून फांदीच्या जागी लाकडाचे फळकूट दिले तरी त्यांचे काही अडत नाही. खरी मेख त्यांच्या मुळांत आहे. या मुळांवर मृत पेशींचे एक जाड, सच्छिद्र वेष्टन असते. पाऊस पडला की ते काही मिनिटांत पाणी ओढून घेते, आणि पाऊस थांबला की वाऱ्याने कोरडे होते. भिजणे आणि सुकणे, दोन्ही त्या मुळाला हवे असते. कुंडीत ऑर्किड मरते ते बहुतेक वेळा मुळे सुकायला न मिळाल्यामुळे. लाकडावर सडण्याची ही भीती जवळपास संपते आणि पाणी कमी पडण्याची भीती सुरू होते. मला हा सौदा पसंत आहे, कारण तहानलेले झाड आपल्याला दिसते. कुंडीच्या पोटात सडणारे मूळ दिसत नाही.

पाणी पुरेसे झाले की नाही हे मूळच सांगते. कोरडे मूळ रुपेरी-पांढरे असते, भिजले की आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. सकाळी लाकूड खिळ्यावरून काढा, न्हाणीघरात न्या आणि बादलीत दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवा. सगळी मुळे हिरवी झाली की बाहेर काढा, निथळू द्या, परत टांगा. रात्र पडायच्या आत ती पुन्हा पांढुरकी व्हायला हवीत. दुपारी बारालाच कोरडी ठणठणीत होत असतील तर उन्हाळ्यात चार-पाचच्या सुमारास एकदा भिजवा. रात्रीपर्यंत ओलीच राहत असतील तर झाडाच्या बुडाशी बांधलेले मॉस जास्त झाले आहे किंवा वारा कमी पडतो आहे. नुसत्या फवाऱ्याने पाने ओली होतात, मुळांची तहान भागत नाही. फवारायचेच असेल तर मुळे हिरवी होईपर्यंत फवारा.

पाणी कोणते, याकडेही लक्ष द्या. बोअरवेलच्या जड पाण्याने मुळांवर आणि लाकडावर पांढरा थर चढतो. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. ऑर्किडला ते कधीही घालू नका. गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात उतरलेले असतात. नगरपालिकेचे नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी चालते. पावसाळ्यात पावसाचे पाणी धरता आले तर त्यासारखे दुसरे नाही. खत म्हणजे विद्राव्य १९:१९:१९, लिटरला अर्ध्या ग्रॅमहून जास्त नको, आठवड्यातून एकदा, तेही मुळे आधी साध्या पाण्यात भिजवून मग.

आता काचेच्या पेटीबद्दल. थंड देशांत, हिवाळाभर हीटर लावून कोरड्या पडलेल्या खोल्यांत, तिचा उपयोग आहे. आपल्याकडे खिडकीत ठेवलेली बंद पेटी उन्हाने भट्टीसारखी तापते, आतली हवा कोंडते आणि कोंब कुजतो. छताचा पंखा संथ फिरत असलेली खोली ऑर्किडला त्या पेटीपेक्षा कितीतरी बरी. झाडाखाली पाण्याची थाळी ठेवल्यानेही खोलीतली आर्द्रता सांगण्यासारखी वाढत नाही. चार-सहा झाडे जवळजवळ टांगली तर थोडा फरक पडतो. एसीच्या थेट झोतात मात्र एकही टांगू नका.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे पातळ पडदा हवाच. उत्तरेच्या खिडकीत फॅलेनोप्सिस हे ऑर्किड निभावून नेते, बाकीची झाडे जगतात पण फुलत नाहीत. पाने गडद हिरवी होऊ लागली तर उजेड कमी पडतो आहे असे समजा. किंचित पिवळसर हिरवी पाने ही फुलण्याची खूण.

झाड निवडताना आपले गाव विसरू नका. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथल्या दमट हवेत फॅलेनोप्सिस आणि बाजारात सर्वत्र मिळणारी डेंड्रोबियम लाकडावर सहज रुळतात. पुण्या-नाशकात उन्हाळी दुपारची हवा फार कोरडी होते. तिथे जाड, पेन्सिलीसारख्या पानांचे ब्रासावोला नोडोसा लावा. त्याच्या पांढऱ्या फुलांना रात्री सुगंध येतो आणि खोली भरून जाते. डेंड्रोबियम लिंडलीसुद्धा तिथे चांगले, फक्त हिवाळ्यात त्याचे पाणी बरेच कमी करायचे, तरच वसंतात पिवळ्या फुलांचे घोस येतात. विदर्भातल्या वाचकांनी व्हॅंडा टेसेलाटाचा विचार करावा. पठारावरच्या रखरखीत उन्हात आंब्या-बाभळीवर वाढणारी ही जात आहे, भरपूर उजेडाची खिडकी मात्र तिला हवी. सीतेची वेणी, म्हणजे रिंकोस्टायलिस रेटुसा, आपल्या सह्याद्रीतही आहे आणि आसामात बिहूला केसांत माळतात ते कपौ फूलही तेच. ग्रिलमध्ये सकाळचे ऊन येत असेल तरच ती घ्या. आणि मासदेवालिया किंवा ड्रॅक्युला कितीही मोहक दिसोत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. अँडीज पर्वतातल्या थंड, धुक्याच्या रानातली ती झाडे आपल्या मे महिन्यात तग धरत नाहीत.

बांधण्याची वेळ म्हणजे मुळांना हिरवी नवी टोके फुटू लागतात ती. आपल्याकडे बहुतेक जातींत ती उन्हाळ्याच्या शेवटी येते. मेअखेरीस बांधले तर पुढचे चार पावसाळी महिने मुळांना लाकूड धरायला मिळतात. सुताराकडे सागाचे तुकडे पडलेले असतात, तेवढे पुरे. पॉलिश, रंग किंवा वाळवीचे औषध लावलेले नको, पॅकिंगच्या खोक्यांचे राळेचे पाइनही नको. नारळाचे सोडण वापरायचे तर पाणी बदलत आधी बरेच दिवस भिजत घाला. ते ओल छान धरते, पण काही वर्षांत कुजते आणि झाड पुन्हा नव्याने बांधावे लागते. झाडाच्या बुडाशी मॉसचा अगदी पातळ थर द्या, त्यात कोंब गाडू नका. मग तंगुसाने किंवा जुन्या पायमोज्याच्या पट्टीने घट्ट आवळा. तांब्याची तार वापरू नका. झाड जराही हलता कामा नये, नाहीतर नव्या मुळांची टोके घासून मरतात. फॅलेनोप्सिस बांधताना पाने खाली झुकलेली ठेवा. रानात ते तसेच लोंबते, आणि त्यामुळे गाभ्यात पाणी साचून कुजत नाही. नवी मुळे लाकडाला चिकटली की बंध सोडून टाका.

पिठ्या ढेकूण किंवा खवले किडे दिसले तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढा. चार झाडांसाठी फवारणीचे औषध घरात आणायची गरज नाही.

झाड कुठून आणता, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते, त्यात अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशी भेटली तरच ते रानात रुजते, आणि फुलायला पुढे कित्येक वर्षे घेते. म्हणून घाटातल्या एका झाडावरची ऑर्किड ओरबाडली की ती जागा लवकर भरत नाही. राखीव जंगलातून अशी झाडे काढणे हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. आणि ती काढायची गरजही उरलेली नाही. लुईस नडसन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ साली साखरेच्या माध्यमावर, बुरशीवाचून, हे बी रुजवून दाखवले. तेव्हापासून ऑर्किड बाटलीत वाढवता येतात आणि रोपवाटिकांत विकत मिळतात.

रोपवाटिकेत विचारा की हे झाड प्रयोगशाळेतले आहे का. सरळ उत्तर मिळाले नाही तर झाड उलटून पाहा. रानातून काढलेल्या झाडाची मुळे मधेच तुटलेली असतात, त्यांना सालीचे कपचे चिकटलेले असतात, आणि पाने किडीने खाल्लेली, लहानमोठी असतात. रस्त्याकडेला पाटीत घालून विकायला ठेवलेली ऑर्किड बहुधा अशीच असतात. ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका, आणि का घेत नाही ते विकणाऱ्याला नीट समजावून सांगा.