सही दोघांची



बालवाडीताईंच्या एका शिबिरात मी चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक सगळ्यांच्या हातांतून फिरवलं. डास माणसाच्या कानाशी का गुणगुणतो, याची पश्चिम आफ्रिकेतली लोककथा त्यात आहे. चित्रकार म्हणून दोन नावं आहेत, लिओ आणि डायान डिलन. नवरा-बायको, असं मी सांगताच एक ताई म्हणाली, "म्हणजे चित्रं त्यानं काढली असतील, हिनं रंग भरले असतील." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग स्वतःचाच राग आला, कारण पुस्तक पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं.

अमेरिकेत 1938 पासून दरवर्षी उत्तम चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला कॅल्डेकॉट पदक देतात. या पुस्तकासाठी ते 1976 साली डिलन दांपत्याला मिळालं आणि 1977 साली 'अशांती टू झुलू'साठी पुन्हा त्यांनाच. सलग दोनदा ते मिळवणारे हेच पहिले. या दुसऱ्या पुस्तकात आफ्रिकेतल्या 26 समाजांची ओळख आहे. बहुतेक चित्रांत पुरुष, बाई, मूल, घर, वापरातली एखादी वस्तू आणि तिथला एखादा प्राणी, असं सगळं मुद्दाम आणलं आहे.

दोघांचाही जन्म 1933 चा. 1953 साली न्यूयॉर्कच्या पार्सन्स कलाशाळेत ते भेटले ते प्रतिस्पर्धी म्हणून. 1957 साली लग्न केलं. तो काळा, ती गोरी. तेव्हा अमेरिकेतल्या अनेक राज्यांत असं लग्न हा गुन्हा होता. ते कायदे सर्वोच्च न्यायालयानं 1967 साली रद्द ठरवले.

त्यांचं एकच चित्र दोघांच्या हातांतून फिरायचं. एकानं सुरू केलेलं दुसऱ्यानं पुढे न्यायचं. शेवटी कुठली रेघ कुणाची, हे त्यांनाही सांगता येत नसे. दोघांतून तयार झालेल्या या चित्रकाराला ते 'तिसरा चित्रकार' म्हणत. 2012 साली लिओ गेले, तोवर हे सहकार्य चाललं.

शिबिरात पुढचा प्रश्न आलाच, "पण आडनाव त्याचंच ना? आणि नावही त्याचंच आधी!" बरोबर आहे. तेवढी असमानता त्या सहीतही उरली आहे. तरी ती सही दोघांची आहे, हे मला मोलाचं वाटतं.

आपल्याकडे शेत दोघं कसतात, दुकान दोघं चालवतात. सातबाऱ्यावर आणि परवान्यावर मात्र बहुधा एकच नाव असतं. विचारलं तर उत्तर मिळतं, "घरचंच काम, त्यात तिचं वेगळं काय काढणार?" डिलन दांपत्याच्या चित्रांतही वेगळं काढता येत नाही. म्हणूनच तर दोन्ही नावं हवीत!

शिबिर संपल्यावर ती पहिली ताई माझ्याजवळ आली. तिच्या नवऱ्याचा पाट्या रंगवण्याचा धंदा आहे. हळूच म्हणाली, "अक्षरांत रंग मीच भरते, ताई. खाली सही ह्यांची असते."

तिचं ते वाक्य डायानबद्दल नव्हतंच, हे मला तेव्हा कळलं.

तुमच्या घरातल्या कुठल्या कामावर तुमची सही नाही? आम्हाला जरूर लिहा. खाली स्वतःचं नाव घालायला विसरू नका.