घरच्या घरीं : मोटारींतील गालिचा

गेल्या वर्षींच्या आषाढांत आमच्या हातून एक चूक घडली, आणि तीच या महिन्याच्या लेखाचें निमित्त आहे. गृहव्यवस्थेचे चार शब्द दरमहा दुसऱ्यांस सांगणाऱ्या आम्हांस आपल्याच मोटारीची सफाई करतां आली नाहीं, हें कबूल करावयास थोडा संकोच वाटतो. परंतु ही कबुली दिल्यावांचून पुढील उपाय वाचकांस पटावयाचा नाहीं.

पंढरपूरचें दर्शन आटोपून आम्ही पुण्यास परतत होतों. वाटेंत माढें तालुक्यांतील मोडनिंब येथें आमच्या आत्याबाईंचें घर आहे. गांव पुणें-सोलापूर महामार्गावरचें; कुर्डुवाडीहून पंढरपुरास जाणाऱ्या आगगाडीचें स्थानकही येथें आहे. निघतांना आत्याबाईंनीं घरच्या पंढरपुरी म्हशीचें दूध किटलींत भरून दिलें. गांवाबाहेर पडतों न पडतों तोंच किटली कलंडली, आणि दोन लिटर दूध मागच्या बैठकीपुढील गालिच्यांत मुरलें.

रस्त्याच्या कडेला मोटारी धुणारा एक तरुण होता. तो म्हणाला, "साहेब, आंत फार पाणी नको मारूं या. खालीं मुरेल." आम्हीं ऐकलें नाहीं. दूध ही नासणारी वस्तु, ती भरपूर पाण्यानेंच धुतली पाहिजे, असें आमचें ठाम मत. नळी त्याच्या हातून घेऊन आम्हींच धार धरली. गालिचा वरून स्वच्छ दिसूं लागला, आणि आम्ही समाधानानें मार्गस्थ झालों.

तिसऱ्या दिवशीं मोटारीचें दार उघडलें तों आंबलेल्या दुधाचा भपकारा आला. आठवडाभरानें त्यांत बुरशीचा कुबट वास मिसळला. आमच्या धाकट्या नातवास दमा आहे. एके दिवशीं त्या मोटारींतून शाळेंत जातांना त्यास अशी उबळ आली कीं, गाडी वाटेंत थांबवून त्याला बाहेर मोकळ्या हवेंत उभें करावें लागलें. बुरशी पूर्ण निघेपर्यंत मुलाला या गाडींत बसवूं नका, असें डॉक्टरांनीं बजावलें. शेवटीं कारागिराकडून बैठकी काढवून गालिचा उचलला, तेव्हां खालचें अस्तर चिंब ओलें आणि काळें पडलेलें दिसलें; पत्र्यालाही गंज धरूं लागला होता.

असें कां झालें, तें समजून घेतलें पाहिजे. मोटारींतील गालिच्याचे वरचे तंतु बहुधा नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. ते पाणी फारसें पीत नाहींत. त्याखालीं चिंध्यांचें वा स्पंजाचें जाड अस्तर असतें. तें मात्र यथेच्छ पितें. आणि त्याखालीं पोलादी पत्रा. तो पाण्याला वाट देत नाहीं. म्हणजे ओतलेलें पाणी वरूनच परत आलें तर आलें. ओल दिवस-दोन दिवस राहिली कीं बुरशीस तेवढें पुरे होतें. शिवाय हल्लींच्या मोटारींत बैठकीखालून विजेच्या तारा गेलेल्या असतात. पिवळ्या वेष्टणाच्या तारा तर अपघातसमयीं फुगणाऱ्या हवेच्या पिशव्यांच्या. तेथें पाणी जाऊं देणें म्हणजे संकटास आमंत्रण.

धुण्याच्या यंत्रांचें मर्मही हेंच आहे. १९०१ सालीं लंडन येथें ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्यानें धूळ फुंकून उडविणारें एक यंत्र पाहिलें. उडविलेली धूळ पुन्हां खालींच बसणार, हें त्याच्या ध्यानांत आलें. मग एका उपाहारगृहांत खुर्चीच्या गादीवर हातरुमाल अंथरून, त्याला तोंड लावून त्यानें श्वास आंत ओढला, तों रुमालावर मळाचा डाग उमटला. मळ हलविणें निराळें आणि मळ बाहेर काढणें निराळें, हा धडा त्या रुमालानें दिला. गालिचे धुणारीं आजचीं यंत्रेंही पाणी सोडतात आणि लागलीच ओढून घेतात. आम्हीं पहिलें अर्धेंच काम केलें होतें.

यंदाच्या आषाढांत पुन्हां मोडनिंबास उतरलों. पाऊस झालेला, पायांस काळ्या मातीचा चिखल. त्यांत नातवाच्या हातून ताकाचा पेला गालिच्यावर सांडला. आम्ही बादली घेऊन निघालों, तों आत्याबाईंनीं अडविलें.

"अरे, पाणी ओतणें सोपें. तें परत काढणार कोण?"

"आत्या, त्याचें यंत्र मिळतें, पण येथें कोठून आणावें?"

"यंत्र कशाला? घरांत सोलापुरी टॉवेल आहेत ना! चांगले चार-पांच जुने घे."

सोलापूरच्या चादरीप्रमाणें तेथील टर्किश टॉवेलासही भौगोलिक मानांकन लाभलें आहे. त्याच्या अंगावर सुताचे असंख्य बारीक वेढे असतात, आणि पाणी ते वेढेच शोषून घेतात. मात्र कोरा टॉवेल घेऊं नये; त्यांतील खळ पाण्यास अडविते. अनेक धुण्यांतून गेलेला टॉवेल या कामीं उत्तम.

आत्याबाईंच्या देखरेखीखालीं आम्हीं केलें तें असें. चिखलाला ओला असतांना हातच लावला नाहीं. काळी माती ओली असतां फुगते व चोळल्यास तंतूंत खोल शिरते. वाळतांना ती आकसते आणि आपण होऊन तंतु सोडते. म्हणून ती पुरती वाळूं दिली, मग ताठ ब्रशानें झाडून काढली. पंढरपूरचा बुक्का सांडला तरी रीत हीच : आधीं कोरडें झाडणें, मग पाणी.

ताक मात्र तत्काळ टिपलें. टॉवेलाची घडी डागावर ठेवून तळहातानें दाबली, चोळली नाहीं. दाबतांना कडेकडून मध्याकडे यावें, म्हणजे डाग पसरत नाहीं. मग लिटरभर थंड पाण्यांत चहाचा एक चमचा धुण्याची पावडर विरघळविली. दूध, ताक, अंडें यांवर कढत पाणी घालूं नये. त्यांतील प्रथिनें उष्णतेनें गोठून तंतूंस चिकटतात. पाणी ओतलें नाहीं. ब्रश बुडवून, झटकून, नुसता फेस हलक्या हातानें फिरविला. दहा मिनिटें थांबून पुन्हां टिपलें. त्यानंतर साध्या पाण्यांत पिळलेल्या फडक्यानें साबण तीन वेळां पुसून काढला. साबण मागें राहिला तर गालिचा चिकट होऊन दुप्पट वेगानें मळतो.

आतां मुख्य काम. कोरड्या टॉवेलाची चौपदरी घडी घालून तीवर गुडघ्यांनीं सर्व भार दिला; घडी उलटली, पुन्हां भार दिला; टॉवेल बदलला. चौथा टॉवेल जवळजवळ कोराच वर आला, तेव्हांच आत्याबाईंनीं "पुरे" म्हटलें. रात्रीं डागावर कोरडा टॉवेल व त्यावर पाटा ठेवला. गालिचा वरून वाळूं लागला कीं खालची ओल मळासह वर चढते, आणि गेलेला डाग सकाळीं पुन्हां दिसतो; पाट्याखालचा टॉवेल ती ओल स्वतःकडे घेतो. सकाळीं दारें उघडून जमिनीलगत पंखा लावला, आणि दुपारीं गालिच्याची कड उचलून अस्तर बोटांनीं चाचपलें. वरचा हात कोरडा लागला म्हणून फसूं नये; परीक्षा खालच्या अस्तराची.

आणखी दोन सूचना. तेलाच्या डागावर आधीं शंखजिऱ्याची भुकटी पसरून तासाभरानें झाडावी. हळदीचा डाग साबण लागतांच लाल होतो; घाबरूं नये, हळदीचा तो धर्मच आहे. साबण पुसून काढून ऊन दाखवावें; हळदीचा रंग उन्हानें विटतो. आणि कांहीं न सांडतांही पुढच्या बैठकीखालीं ओल दिसली, तर धुण्यापूर्वीं वातानुकूलन यंत्राची पाणी जाण्याची नळी तुंबली आहे काय, हें कारागिराकडून पाहून घ्यावें.

या सर्वांस पाणी लागलें एक बादलीहून कमी. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यांत कित्येक गांवें टँकरची वाट पाहतात, तेथें हा लाभही लहान नव्हे.

परतीच्या प्रवासांत नातू त्याच जागीं बसला. वाटेंत तो झोपीं गेला. टेंभुर्णी गेली, इंदापूर गेलें, खोकला आला नाहीं. आम्ही मात्र पुण्यापर्यंत वारंवार मागें वळून त्याचा श्वास ऐकत होतों. गतवर्षीं त्या तरुणाचें ऐकलें असतें तर हा घोर टळला असता. पुढल्या खेपेस तो भेटला, तर त्याला तसें सांगावयाचें आम्हीं ठरविलें आहे.