ऐच्छिक, पण कोणाच्या लेखी?

घोडपदेव, काळाचौकी, लालबाग या परिसरातील गिरणी कामगारांच्या आठवणी नोंदवू पाहणाऱ्याच्या हाती फार काळ उरलेला नाही. १९८२ च्या संपात जे तिशीत होते, त्यांनी आज सत्तरी ओलांडली आहे. अशा मुलाखतींची ध्वनिमुद्रणे निदान दोन संगणकांवर असावीत, ही साधी खबरदारी झाली. त्यासाठी लिनक्सवर ‘युनिसन’ ही जुनी, मोफत आणि भरवशाची प्रणाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील बेंजामिन पिअर्स यांच्या पुढाकाराने ती घडली.

फाइल बदलताच तो बदल दुसऱ्या संगणकावर पोचावा, अशी सोय युनिसनमध्ये आहे. मात्र त्यासाठी फाइलींवर पाळत ठेवणारा ‘युनिसन-एफएसमॉनिटर’ हा छोटा जोडप्रोग्रॅम लागतो. उबुंटूच्या अनेक आवृत्त्यांतील युनिसनच्या पॅकेजात नेमका तोच नव्हता. तो नसला की युनिसन तक्रार नोंदवते आणि थांबते. पण पडद्याआड चालणाऱ्या प्रोग्रॅमची तक्रार वाचतो कोण? वापरणारा आपल्या नकला सुरक्षित आहेत, अशा समजुतीत राहतो.

पॅकेज बांधणारे बहुतेकदा स्वयंसेवक असतात; पॅकेज आटोपशीर राहावे, ही त्यांची इच्छाही रास्तच. डेबियनने तर ‘आवश्यक’, ‘शिफारस’ आणि ‘सूचना’ अशा अवलंबनाच्या पायऱ्याच आखून दिल्या आहेत. तिथे नेक्स्टक्लाउडची नॉटिलस, डॉल्फिन यांसाठीची जोडणी निरनिराळ्या पॅकेजांत ठेवलेली आहे. ती वेगळी असली तरी यादीत दिसते, मागितली तर मिळते. परंतु जो भाग बांधलाच गेला नाही, त्याला यांपैकी कोणतीच पायरी नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

साहित्याच्या अभ्यासकाला हे अनोळखी नाही. पुनर्मुद्रणात सूची आणि पाठभेद गाळले, तरी मुखपृष्ठावर ग्रंथाचे नाव तेच राहते. संक्षेप करण्याला हरकत नाही. पण ‘संक्षिप्त आवृत्ती’ असे छापण्याचा प्रामाणिकपणा हवा. पॅकेजाच्या वर्णनातही ‘अमुक भाग यात नाही’ ही एक ओळ पुरेशी आहे. ठरावीक सेकंदांनी पुन्हापुन्हा तपासणी करण्याचा पर्याय युनिसनमध्ये त्या जोडप्रोग्रॅमवाचूनही चालतो. पण उणीव कळली, तरच माणूस त्या पर्यायाकडे वळेल.

एखादा भाग ऐच्छिक आहे की नाही, हे बांधणाऱ्याच्या सोयीवरून ठरू नये. ज्याच्याकडे त्या मुलाखतीची दुसरी प्रत नाही, त्याच्या लेखी तो भाग ऐच्छिक नसतोच.