हट्टी एंजिन आणि उतावळा हात

पौष महिना लागला कीं गोदाकांठच्या कोपरगांवीं पहाटेचा गारठा अंगाला झोंबूं लागतो. नांदूर-मधमेश्वराच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या गोदावरीच्या कालव्यांनीं या भागांत ऊंस व बागाईत आणली. पुढें विहिरींवर तेलाचीं एंजिनें धडधडूं लागलीं; पुण्यास किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली. आज विजेचे पंप घरोघर आहेत. परंतु वीज गेली म्हणजे जुनें डिझेल एंजिनच हांकेला उपयोगी पडतें. तें मात्र नेमकें थंडींत हट्टास पेटतें. इकडे पिकाच्या पाण्याची पाळी चुकण्याची धास्ती! अशा घाईंत केलेले उपाय पुष्कळदां एंजिनाला नव्हे, चालविणाराला भोंवतात.

हट्टाचें कारण आधीं समजून घ्यावें. डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेला सुमारें सोळा ते वीस पट दाबतो. त्या दाबानें ती ५०० अंशांच्याही वर तापते आणि तींत उडालेलें तेल आपोआप पेटतें. थंडींत गार सिलिंडर ही उष्णता शोषून घेतो. दट्ट्याचीं कडीं झिजलीं असतील, तर दाबच निसटतो. तेलाच्या नळींत हवा अडकली असेल, तर तेल पोंचतच नाहीं. म्हणून प्रथम नळी, गाळणी व झडपा पाहाव्या. एंजिन पाण्यानें थंड होणारें असेल, तर त्याच्या कवचांत बंबांतलें सोसवेल इतपत ऊन पाणी बेताबेतानें ओतावें. कढत पाणी मात्र नको; गार बीड एकदम तापल्यास तडकतें.

बाजारांत ईथर मिसळलेला फवारा मिळतो. ईथर ३५ अंशांच्या सुमारास उकळतें व १६० अंशांच्या आसपास ठिणगीवांचून पेटतें. हाच त्याचा गुण व हाच दोष. तें अधिक झालें तर दट्ट्या वर पोंचण्यापूर्वींच भडका उडतो. कडीं मोडतात, दांडा वांकतो, हँडल उलट फिरतें. ज्या एंजिनांत हवा तापविणारी विजेची कांडी असते, तेथें ईथर कधींही मारूं नये. हवेच्या नळींतच स्फोट होतो. त्याची वाफ हवेपेक्षां जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत वा विडीपर्यंतही पोंचते. तेव्हां कारखान्याच्या पुस्तिकेंत परवानगी असेल तरच, एंजिन फिरत असतांना, अगदीं अल्प फवारा द्यावा. पेट्रोलचा बोळा किंवा पेटती चिंधी हवेच्या तोंडाशीं धरणें हा तर उघड आत्मघात होय. आणि ज्या एंजिनाला रोजच फवारा लागतो, त्याला औषध नको, दुरुस्ती हवी.

हँडल मारतांना आंगठा बोटांच्या बाजूसच ठेवावा, मुठीला वेढा घालूं नये. उलट झटका बसला तर हात सुटून वांचतो. दाब सोडण्याची कळ उघडून एंजिनास प्रथम पुरेशी गती द्यावी, मगच कळ सोडावी. पदर, उपरणें, सैल बाही खोंचून घ्यावी. मुलांना जवळ उभें करूं नये.

सर्वांत मोठें संकट मात्र डोळ्यांना दिसत नाहीं. पंप व्यवहारांत सहा-सात मीटरांहून अधिक खोलीवरचें पाणी ओढूं शकत नाहीं. म्हणून खोल विहिरींत एंजिन खालीं उतरवून बसविण्याची रीत पडली. तेथें धुरांतील कार्बन मोनॉक्साइड सांचतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. माणसाला गुंगी येऊन तो तेथेंच कोसळतो. एक पडला म्हणून दुसरा धांवत उतरतो, आणि तोही परत येत नाहीं. एंजिन वर ठेवून पंपच खालीं सोडावा. कोणी आंत पडलाच, तर उडी घेऊं नये. वरून दोर सोडावा, माणसें जमवावीं, अग्निशामक दलास बोलवावें.

पाण्याची एक पाळी चुकली तर पुढची येते. घरांतील कर्त्या माणसांनीं ही गोष्ट आज तरुणांच्या कानीं घालावी, आणि पहाटे शेताकडे निघणाराला घाई न करण्याची मोकळीकही आपणच द्यावी.