छातीचा फोटो निघाला, पुढे काय?

गावातल्या समाजमंदिरात सकाळपासून रांग लागलेली असते. आशाताई घरोघरी जाऊन साठीच्या पुढचे, मधुमेहाचे, विडी ओढणारे, घरात कुणाला टीबी झालेला आहे असे लोक बोलावून आणतात. टेबलावर तीन-चार किलोंचे, हातात धरता येईल असे एक्स-रे यंत्र ठेवलेले असते. श्वास धरा, सोडा, झाले. मिनिटाभरात लॅपटॉपच्या पडद्यावर छातीचा फोटो येतो आणि त्यावर संगणक एक आकडा लिहितो. आकडा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आला की त्या माणसाला बाजूला बसवले जाते. त्याचे पहिले वाक्य बहुतेक वेळा ठरलेले असते : "मला तर साधा खोकलाही नाही."

गेल्या दीड-दोन वर्षांत देशभर अशी शिबिरे झाली. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेचे हे मुख्य हत्यार होते. मोहीम संपल्यावर केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांनुसार सुमारे १२.९७ कोटी लोकांची तपासणी झाली, ७.१९ लाख रुग्णांची नोंद झाली आणि त्यांपैकी २.८५ लाख जणांना कोणतीही लक्षणे नव्हती. आकडे मोठे आहेत. पण फोटो निघाला म्हणजे निदान झाले, असा समज लोकांत आणि काही प्रमाणात यंत्रणेतही रुजू लागला आहे. एक्स-रे काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

सावलीचे शास्त्र

विल्हेल्म राँटगेन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्ग येथील प्रयोगशाळेत हे किरण सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो घेतला. त्यात बोटांची हाडे आणि अंगठी दिसत होती. तेव्हापासून आजपर्यंत तत्त्व तेच आहे. किरण शरीरातून आरपार जातात, वाटेत जे दाट असेल ते त्यांना अडवते आणि पलीकडे सावली पडते. हाडातले कॅल्शियम किरण भरपूर अडवते, म्हणून हाड पांढरे दिसते. फुफ्फुसात हवा असते, तिच्यातून किरण सहज जातात, म्हणून फुफ्फुस काळे दिसते. स्नायू, रक्त आणि पाणी यांची छटा या दोहोंच्या मधली, करडी.

यातच एक्स-रेची ताकद आहे आणि मर्यादाही. मोडलेले हाड, निखळलेला सांधा, काळ्या फुफ्फुसात उमटलेला पांढुरका डाग, छातीत साचलेले पाणी हे सारे तो चटकन दाखवतो. पण दिसते ती सावली. ती कशामुळे पडली, हे सावलीवर लिहिलेले नसते.

हाडांच्या बाबतीत हा अनुभव रोजचा आहे. हातावर पडल्यावर मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडाला भेग पडते. पहिल्या फोटोत ती अनेकदा दिसतच नाही. म्हणून दुखणे त्या जागी असेल तर फोटो चांगला असूनही हात प्लास्टरमध्ये ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. हाडांची झीज साध्या एक्स-रेवर दिसू लागेपर्यंत साधारण तिसरा हिस्सा खनिज गेलेले असते. याउलट, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांच्या फोटोत "मणक्यात गॅप" दिसतो आणि त्यांना काहीही दुखत नसते. म्हणजे फोटो निर्दोष असूनही आजार असू शकतो आणि फोटोत दोष असूनही आजार नसू शकतो.

क्षयरोग हाडांनाही होतो आणि त्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत तो पाठीच्या कण्यात असतो. तिथेही फोटोत बदल दिसायला वेळ लागतो. अनेक आठवडे पाठ दुखते, रात्री ताप येतो, वजन उतरते आणि फोटो मात्र ठीक असतो. अशा वेळी एमआरआय लवकर उत्तर देते. शिबिरातला छातीचा फोटो या रुग्णांना पकडू शकत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

एकदा सोडलेली वाट

गावोगाव फिरून छातीचे फोटो काढणे ही नवी कल्पना नाही. १९३६ मध्ये ब्राझीलचे डॉ. मॅन्युएल द अब्रेऊ यांनी छोट्या फिल्मवर स्वस्तात छातीचे फोटो घेण्याची पद्धत बसवली आणि पुढे जगभर तिच्या मोटारी फिरू लागल्या. १९५७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात पाच आठवड्यांत सात लाखांहून अधिक लोकांचे फोटो काढले गेले. भारतातही १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात हीच पद्धत वापरली गेली.

तरीही १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने सरसकट फोटो काढत फिरणे थांबवावे, असे सांगितले. यंत्रे महाग आणि अवजड होती. फोटो वाचणाऱ्यांचेही एकमत होत नसे. अमेरिकेत १९४० च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की दोन तज्ज्ञांचे साधारण तिसऱ्या हिश्शाच्या सदोष फोटोंबाबत मतभेद होतात आणि तोच फोटो काही काळाने पुन्हा दाखवला तर पाचव्या हिश्शाबाबत तज्ज्ञाचे स्वतःशीही जुळत नाही.

या विचारबदलात भारतीय संशोधनाचा वाटा मोठा होता. बंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने १९६० च्या दशकाच्या आरंभी कर्नाटकातल्या खेड्यांत पाहणी केली. क्षयरोग असलेल्या बहुतेकांना आपल्याला त्रास होतो हे ठाऊक होते आणि सुमारे निम्मे जण त्यासाठी दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना खोकल्याचे औषध देऊन परत पाठवले गेले होते. मग रुग्ण शोधत हिंडण्यापेक्षा दारात आलेल्या खोकल्याच्या रुग्णाचा बेडका सूक्ष्मदर्शकाखाली तपासा, असा धडा निघाला. पुढची अनेक दशके आपला कार्यक्रम याच पायावर उभा राहिला.

वाट पुन्हा का धरली?

हा पाया पुरत नाही, हे अलीकडे स्पष्ट झाले. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात जे रुग्ण प्रयोगशाळेत सिद्ध झाले, त्यांपैकी ४२.६ टक्के केवळ छातीच्या फोटोमुळे सापडले. त्यांना विचारलेल्या लक्षणांपैकी काही नव्हते. "दोन आठवडे खोकला आहे का?" एवढेच विचारले असते तर ते निसटले असते. फुफ्फुसात रोग आहे, खोकला नाही, पण रोज घरात, एसटीत, कारखान्यात इतरांसोबत वावर आहे, अशी ही माणसे आहेत.

दुसरे कारण तंत्रज्ञानाचे. यंत्र बॅटरीवर चालते, फिल्म धुवावी लागत नाही आणि फोटो वाचायला संगणक मदतीला येतो. १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत अशा संगणकीय वाचनाचा उपयोग करण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये मान्यता दिली. एक्स-रे तज्ज्ञ शहरांत एकवटलेले असताना तालुक्याच्या ठिकाणी ही मदत मोलाची आहे. किरणांची भीतीही फार बाळगायला नको. छातीच्या एका फोटोत साधारण ०.०२ ते ०.१ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी जगात सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतेच. अर्थात गरोदर महिलांनी आधी सांगितलेच पाहिजे. तंत्रज्ञाच्या संरक्षणाचे, अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियमही शिबिरात तितकेच लागू आहेत.

दहा हजारांचा हिशोब

आता संगणकाच्या त्या आकड्याकडे येऊ. हिशोबापुरते समजा, जोखमीच्या दहा हजार लोकांचे फोटो काढले आणि त्यांत शंभर जणांना क्षयरोग आहे. यंत्रणा शंभरातले ९० रुग्ण ओळखते आणि निरोगी माणसांपैकी ७० टक्क्यांना बरोबर निरोगी ठरवते. अशा प्राथमिक चाळणीकडून किमान एवढी अपेक्षा धरली जाते. निकाल काय लागेल? ९० रुग्ण सापडतील, १० निसटतील. पण उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी २,९७० जणांवरही संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे बाजूला बसवलेल्या ३,०६० जणांत खरे रुग्ण फक्त ९०. चौतिसात एक.

हे तंत्रज्ञानाचे अपयश नव्हे. चाळणीचे काम चाळण्याचेच असते. फोटोतला डाग वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा व्रण असू शकतो, न्यूमोनिया असू शकतो, खाणीतल्या वा दगड फोडण्याच्या धुळीने जडलेला सिलिकोसिस असू शकतो, कर्करोगही असू शकतो. यांच्या सावल्या बऱ्याचदा सारख्याच दिसतात. म्हणून त्या ३,०६० जणांच्या बेडक्याची जनुकीय तपासणी व्हायला हवी. तीच जंतू आहे की नाही आणि रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्यावर चालेल की नाही, हे सांगते. यासाठीचे ट्रूनॅट हे छोटेखानी यंत्र गोव्यातल्या कंपनीचे आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली आहे. साधन आपल्याकडे आहे. ते प्रत्येक संशयितापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न.

अडचणी नेमक्या इथे सुरू होतात. खोकलाच नसलेल्या माणसाला बेडका पडत नाही. डबीत लाळ येते आणि लाळेच्या तपासणीला अर्थ नसतो. त्याला खोल श्वास घेऊन खाकरायला शिकवावे लागते, सकाळचा नमुना मागावा लागतो, कधी वाफ द्यावी लागते. तोवर शिबिर उठलेले असते. तालुक्याला जायचे तर मजुरी बुडते. मग दोन्ही बाजूंनी चूक होते. काहींना केवळ फोटोवरून सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. काही खरे रुग्ण "मला काही होत नाही" म्हणत घरी बसतात.

निदान झाल्यावर औषध हाताशी असणे तितकेच गरजेचे. २०२४ च्या सुरुवातीला अनेक राज्यांत क्षयरोगाच्या काही औषधांचा तुटवडा जाणवला आणि केंद्राला राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावे लागले. पोषणासाठी रुग्णाला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली, हे चांगले झाले. पण गोळ्यांची साखळी तुटली तर फोटो, चाचणी आणि अनुदान तिन्ही वाया जातात. औषधांना न जुमानणारा जंतू तयार होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच.

कोणते आकडे मागायचे?

भारताने २०२५ हे क्षयरोग दूर करण्याचे वर्ष ठरवले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार देशात दर लाखामागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मध्ये २३७ होते, ते २०२४ मध्ये १८७ वर आले. ही घट सुमारे २१ टक्के आहे आणि जगाच्या सरासरीपेक्षा ती चांगली आहे. ठरवलेले उद्दिष्ट मात्र ८० टक्क्यांचे होते. उरलेले अंतर कापायला फोटो लागतीलच, पण त्यांची संख्या मोजून ते कापले जाणार नाही.

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत "किती फोटो काढले" यासोबत आणखी तीन आकडे दरमहा ठेवले पाहिजेत : संशयित ठरलेल्यांपैकी किती जणांची जनुकीय तपासणी झाली, सापडलेल्यांपैकी किती जणांचे उपचार आठवड्याभरात सुरू झाले आणि किती जणांनी ते पूर्ण केले. हे आकडे ग्रामसभेत कुणीही विचारू शकतो.

आणि ज्याला शिबिरात बाजूला बसवले, त्याने काय करावे? घाबरून घरी जाऊ नये. पूर्वी टीबी झाला होता का, धुळीत काम केले आहे का, हे सांगावे आणि जुना फोटो असेल तर तो दाखवावा. नव्या-जुन्या फोटोंची तुलना अनेकदा संगणकाच्या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते. बेडक्याची तपासणी मागून घ्यावी. फोटो चांगला आला म्हणून खोकला, ताप, घटते वजन किंवा न थांबणारी पाठदुखी अंगावर काढू नये. घरातला जुना एक्स-रे भंगारात देण्याआधी त्यावर तारीख लिहून तो जपून ठेवावा. पुढच्या डॉक्टरला तो उपयोगी पडतो.