पहिल्या तासाला विषय शिकवा

प्रवेशफेऱ्या संपोत न संपोत, कॉलेजं सुरू होतात आणि एफवायच्या पहिल्या तासाला राज्यभर साधारण एकच प्रयोग लागतो. सर येतात, फळ्यावर स्वतःचं नाव आणि विषय लिहितात. हजेरीपट अजून ऑफिसातून आलेला नसतो, म्हणून एक कोरा कागद बाकांवरून फिरतो. मग पहिल्या बाकापासून ओळखपरेड. त्यानंतर पंचाहत्तर टक्के हजेरी, इंटर्नलचे मार्क, डिफॉल्टर लिस्ट, मोबाईल दिसला तर जप्त. तासाची वीस मिनिटं उरलेली असताना ‘आज काही शिकवत नाही, उद्यापासून सिलॅबस सुरू करू’ असं म्हणून सर सुटतात. मुलंही सुटतात, आणि त्यातली बरीचशी पुन्हा फारशी सापडत नाहीत.

पहिल्याच तासाला विषय शिकवावा, आणि त्यातला सगळ्यात चवदार भाग शिकवावा, असं माझं मत आहे. बारावीपर्यंतची दोन वर्षं या मुलांनी क्लासमध्ये आणि गाईडांत काढलेली असतात. ‘इंटिग्रेटेड’वाल्यांनी तर ज्युनिअर कॉलेजचं तोंडही प्रॅक्टिकलपुरतंच पाहिलेलं असतं. लेक्चर ही बुडवायची गोष्ट आहे, हे ती शिकूनच येतात. तरीही पहिल्या दिवशी ती येतात, कारण इथे काही वेगळं मिळतंय का हे त्यांना बघायचं असतं. त्या तासभरात फक्त हजेरीची धमकी कानावर पडली, तर इथे हजेरी मिळते एवढंच त्यांना कळतं.

मी संख्याशास्त्राचा माणूस, म्हणून उदाहरण तिथलंच देतो. समजा वर्गात साठ मुलं आहेत. विचारायचं, की यांच्यात कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असेल का? वर्षाचे दिवस ३६५ आणि मुलं साठ, तेव्हा बहुतेक माना नकारार्थी हलतात. आकडा लावायला सांगावा. अशा शंभर वर्गांपैकी किती वर्गांत जोडी सापडेल? कुणी दहा म्हणतं, कुणी वीस. मग एकेक महिना पुकारून तारखा फळ्यावर मांडायच्या. साठ जणांत जोडी सापडण्याची शक्यता ९९ टक्क्यांहून जास्त असते. नुसते २३ जण जमले तरी ती निम्म्याच्या वर जाते. जोडी सापडली की गलका होतो, तो होऊ द्यावा. ‘असं कसं?’ हा प्रश्न आता मुलांनाच पडलेला असतो. उत्तरासाठी माणसं मोजायची सोडून जोड्या मोजायच्या. साठ जणांच्या आपसांत १,७७० जोड्या होतात, हे फळ्यावर करून दाखवायला पाच मिनिटं पुरतात.

खरी गंमत पुढे आहे. आता विचारावं, की घरात कुणाची, आजोबांची, आजीची, वडिलांची, कागदावरची जन्मतारीख १ जून आहे? तालुक्याच्या कॉलेजात भराभर हात वर होतात. जन्माची नोंद नव्हती. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी वय बसेल असं साल धरून १ जून लिहून टाकलं. मघाशी आपण वर्षाचे सगळे दिवस सारख्याच शक्यतेचे धरले होते. ते गृहीतक मुलांच्या स्वतःच्या घरातच मोडून पडतं. एका तासात संभाव्यतेची सुरुवात झाली, गृहीतक म्हणजे काय ते कळलं, आणि सरकारी कागदावरचा आकडाही कुणीतरी आपल्या सोयीने लिहिलेला असू शकतो हेही कळलं. सिलॅबसमधलं पहिलं प्रकरण ‘संख्याशास्त्राची व्याख्या व व्याप्ती’ असतं. ते दुसऱ्या दिवशी घ्या, काही बिघडत नाही.

असा तास प्रत्येक विषयात दडलेला आहे. लासलगावला कांदा काय भावाने गेला आणि गल्लीतल्या गाड्यावर तो काय भावाने मिळतो, मधले पैसे कुठे गेले, यावर अर्थशास्त्राचा तास निघतो. इतिहासवाल्यांनी मोडीतल्या एखाद्या पत्राची झेरॉक्स वर्गात फिरवावी. कुणालाच वाचता येत नाही, मग यात काय लिहिलंय ते आपल्याला कुणी सांगितलं आणि आपण त्याच्यावर विश्वास का ठेवला? कायद्याच्या वर्गातली निम्मी मुलं नुकतीच भाड्याच्या खोलीत राहायला आलेली असतात. करार अकरा महिन्यांचाच का करतात, हे त्यांना विचारून बघा.

ओळखपरेडीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण खरं नुकसान तिथे होतं. संपूर्ण नाव, गाव, शाळा, बारावीचे टक्के, आणि हे सगळं उभं राहून इंग्रजीत. महाराष्ट्रात आडनाव ऐकलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात जातीचा हिशोब सुरू होतो. आश्रमशाळेचं नाव निघालं की तो पुरा होतो. टक्के सांगितले की प्रवेश कुठल्या कोट्यातून झाला याचाही अंदाज मागच्या बाकावर बांधून होतो. सरांच्या मनात काही नसतं, पण वर्गाच्या मनात असतं. वर्गात विद्यार्थ्यांची जात जाहीर करायला, ‘राखीव’ असा शिक्का मारायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२च्या समता विनियमांनी मनाई केली. आडनाव आणि टक्के एका दमात वदवून घेतले, की तेच काम विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तोंडून उरकतं.

इंग्रजीचं तर विचारूच नका. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली एखादी मुलगी ‘मायसेल्फ’ म्हणून सुरुवात करते, मागे कुणीतरी खुदकन हसतं, आणि ती पुढची तीन वर्षं वर्गात तोंड उघडत नाही. विषय तिला येत असतो. व्हायवाला ती गप्प बसते तेव्हा मात्र ‘या मुलांना कॉन्फिडन्स नाही’ असं आपण स्टाफरूममध्ये म्हणतो.

त्यापेक्षा एक चिठ्ठी लिहून घ्यावी, ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत. तुला कुठल्या नावाने हाक मारू? कॉलेजात कसा येतोस, परतीची एसटी कितीची? कुठे काम करतोस का? या विषयात कशाची भीती वाटते? या चिठ्ठ्या स्टाफरूममध्ये बसून वाचल्या की पुढचे कितीतरी वाद टळतात. साडेबाराची गाडी चुकली की चारपर्यंत दुसरी नाही, म्हणून शेवटच्या तासाला निम्मा वर्ग रिकामा, हे कळायला डिफॉल्टर लिस्ट लागत नाही. दुपारनंतर दुकानात उभी राहणारी मुलं किती हे माहीत असलं, तर जर्नलच्या सबमिशनची तारीख जरा विचार करून ठरवता येते. मुलांची एकमेकांशी ओळख व्हायला हवी ती शेजारच्याबरोबर तो १,७७० चा हिशोब करताना होते.

आपण इथले नाही, ही भावना किती महागात पडते, यावर ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग अमेरिकेत गाजला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना त्यांनी तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला परकं वाटलं, हळूहळू ते सरलं, अशा आशयाचे. मग त्यावर स्वतःच्या अनुभवातून लिहायला लावलं. पुढच्या तीन वर्षांत त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं अंतर जवळपास निम्म्यावर आलं, असं २०११ साली प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये हाच प्रयोग २२ संस्थांत करून पाहिला तेव्हा परिणाम बराच माफक दिसला, आणि तोही संस्थेत अशा विद्यार्थ्यांना खरोखर वाव असेल तिथेच. मला हा दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो. मराठी माध्यमातून आलेली टीवायची एखादी मुलगी पहिल्या तासाला दहा मिनिटं बोलायला बोलवावी, जरूर बोलवावी. पण तिच्या नंतर सरांनी इंग्रजी ओळखपरेड घेतली तर त्या दहा मिनिटांचा काही उपयोग नाही.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणवर्गांत आणखी एका अभ्यासाचा हवाला हमखास दिला जातो. नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेंथाल यांचा, १९९३चा. शिकवणाऱ्यांच्या जेमतेम तीस सेकंदांच्या मूक चित्रफिती पाहून अनोळखी लोकांनी जे गुण दिले, ते सत्राअखेरीस विद्यार्थ्यांनी दिलेल्या गुणांशी जुळले. यावरून ‘पहिल्या अर्ध्या मिनिटात सगळं ठरतं, तेव्हा हसतमुख राहा’ असा उपदेश होतो. त्या चित्रफिती पहिल्या दिवसाच्या नव्हत्या, आणि त्यात मोजली होती ती विद्यार्थ्यांची पसंती. हसतमुख राहायला माझी हरकत नाही. पण शिकवणं म्हणजे मुलाखतीला जाणं नव्हे.

नियम सांगायचेच नाहीत का? सांगावेत, पण कागदावर. नव्या शैक्षणिक धोरणानंतर मेजर, मायनर, ओई, एईसी, व्हीईसी या अक्षरांच्या जंगलात एफवायची मुलं खरोखर हरवलेली असतात. मायनर बदलता येतो का, एक क्रेडिट म्हणजे किती तास, वर्षभरात सोडलं तर हातात काय पडतं, याची उत्तरं मराठीतही लिहून एका पानात ग्रुपवर टाकावीत. तासाची शेवटची पाच मिनिटं शंकांना पुरतात. आयोगाने ‘दीक्षारंभ’ नावाचा प्रवेशोत्तर उपक्रम २०१९पासून सुचवला आहे, तो खरं तर याचसाठी. बऱ्याच कॉलेजांत त्याचं दीपप्रज्वलन, पाहुणे, शाल-श्रीफळ आणि चहा झालं आहे.

यावर सहकारी म्हणतील की पहिल्या दिवशी असतातच किती जण? प्रवेश सप्टेंबरपर्यंत चालू, रोज दोन नवे चेहरे. बरोबर आहे. म्हणूनच हा तास असा बांधायला हवा की त्याचा दहा मिनिटांचा सारांश आधी आलेला विद्यार्थी नव्याने आलेल्याला सांगू शकेल. वाढदिवसाची गोष्ट सांगता येते. व्याख्या व व्याप्ती कुणी कुणाला सांगत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे आणि ती प्राध्यापकाच्या हातात नाही. अनेक कॉलेजांत एफवायचे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे असतात. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्याने होते आणि ती बऱ्याचदा सत्र सुरू झाल्यावर होते. म्हणजे मुलांच्या पहिल्या दिवशी वर्गावर माणूसच नसतो. माणूस येतो तेव्हा त्याला सिलॅबस पळवायचा असतो, आणि पैसे तासाचे मिळत असल्यामुळे चिठ्ठ्या वाचण्याचा वेळ त्याच्या पदरचा. इकडे विभागप्रमुखांना टीवाय आणि एमएचे वर्ग हवे असतात. एफवाय म्हणजे गर्दी, एफवाय म्हणजे आवाज. प्राचार्यांकडे माझी मागणी साधी आहे, तिला शासननिर्णय लागत नाही. पुढच्या वर्षीचं टाइमटेबल लावताना एफवायच्या प्रत्येक तुकडीचा पहिला आठवडा विभागातल्या सगळ्यात ज्येष्ठ, कायम प्राध्यापकाच्या नावावर टाका. टीवायची मुलं आठवडाभर लायब्ररीत बसतील.